अरुंद अंगण

अकोल्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाला नेदरलँड्समध्ये घरं आखायला देऊ नये, असं मी आता म्हणते. तेव्हा म्हटलं असतं तर एका म्हाताऱ्या बाईचं भलं झालं असतं.

डेल्फ्टला मास्टर्स संपलं आणि मला तिथंच एका क्रोएशियन आर्किटेक्टच्या स्टुडिओत नोकरी लागली. मुख्य ऑफिस तिकडे क्रोएशियात, स्प्लिटला, समुद्रकाठी. डेल्फ्टची शाखा म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक खोली आणि चार माणसं. त्या आर्किटेक्टचं तिकडचं काम मी विद्यार्थी असल्यापासून बघत आले होते. बेटावरची दगडी घरं त्यांनी दुरुस्त केली होती, एका गावात मासळीबाजारावर छप्पर घातलं होतं, आणि सगळीकडे दोन भिंतींमधली सावली अशी धरली होती की नुसता फोटो बघून गार वाटावं. ऑफिसात सगळे त्यांना नावानं हाक मारायचे. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. ‘सर’ म्हटलेलं त्यांना खपायचं नाही, म्हणून काही विचारायचं असलं की मी मुकाट त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायचे.

त्यांची कामाची एक पद्धत होती. आराखड्याला हात लावण्याआधी ऑफिसातल्या एकानं, त्या जागेत पुढे राहणार असलेल्या एका माणसाकडे अख्खा दिवस जाऊन बसायचं. वही न्यायची नाही, मोजायची टेप न्यायची नाही. मग आराखड्यावर चर्चा होईल तेव्हा त्यानं त्या माणसाच्या वतीनं बोलायचं, ‘मला हे हवं, मला ते नको’ असंच बोलायचं, आणि आर्किटेक्ट म्हणून तोंड उघडायचं नाही. या एका आवाजापुढे सर स्वतःचं रेखाटन फाडून टाकायचे. मी ते दोनदा बघितलं होतं.

अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये वृद्धांची एक जुनी इमारत पाडून तिथं नवी बांधायची होती. राहणाऱ्यांची तोवर दुसरीकडे सोय होणार, आणि नवी झाली की ज्यांना हवं त्यांनी परत यायचं. माझ्या वाट्याला तळमजल्यावरच्या एक डच आजी आल्या. ऐंशी उलटलेल्या, घरात एकट्या, गुडघे गेलेले. मुलगी एनस्खेडेला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिनं आपल्या घराजवळ आईसाठी जागा बघून ठेवली होती आणि काय ते कळव म्हणून ती मागे लागली होती. आजींचं ठरत नव्हतं. इथं चाळीस वर्षांच्या ओळखी, तिथं लेक. नवं घर कसं होतंय ते बघून ठरवीन, असं त्यांनी मला पहिल्याच कॉफीला सांगितलं.

नऊ ते पाच मी त्यांच्याकडे होते. फेब्रुवारी होता, पण त्या दिवशी आभाळ मोकळं होतं. सकाळी आजी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसल्या होत्या. अकराला त्यांनी खुर्ची बाहेरच्या खोलीत सरकवली, एकला मागच्या दारात, तीनला दुसऱ्या कोपऱ्यात. मी मदतीला उठले तर राहू दे म्हणाल्या, तेवढाच व्यायाम. दर वेळी त्या डोळे मिटून तोंड उन्हाकडे करायच्या आणि तशाच बसून राहायच्या. मला मनातून हसू येत होतं. आमच्याकडे मे महिन्यात ऊन घरात घेणं म्हणजे चोराला दार उघडून देणं. सकाळी आठलाच खिडक्या लावायच्या, वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारायचं आणि दोन घरांच्या मधल्या बोळात बाज टाकून दुपार काढायची. म्हातारपणी माणसाला काहीतरी छंद लागतो, एवढाच अर्थ मी त्या खुर्चीच्या फेऱ्यांचा काढला. दिवसभर डोळे उघडे ठेवून मी काहीच बघितलं नाही, याची मला आज लाज वाटते.

पुढे चर्चेच्या दिवशी प्रश्न एकच होता. सगळी घरं आतल्या अंगणाकडे उघडणार होती. ते अंगण किती रुंद ठेवायचं? टेबलावर पुठ्ठ्याची दोन मॉडेलं होती, एकात बारा मीटर, एकात सात. सातचं सरांच्या गावच्या गल्लीवरून उचललेलं. त्यांचा जीव त्याच्यावर होता, ते काही लपत नव्हतं. तरी त्यांनी निर्णय माझ्यावर सोडला.

“तू इथं राहणार आहेस,” ते म्हणाले. “तुला काय हवं?”

मला अकोल्याचा बोळ आठवला. मी म्हटलं, मला अरुंद हवं. समोरच्या बाईशी बसल्या जागेवरून बोलता येईल, भिंती गार राहतील, आपलेपणा वाटेल. मी फार छान बोलले. सरांचे डोळे भरले. एक डच सहकारी पेन्सिल फिरवत म्हणाला, हिवाळ्यात काय? सरांनी त्याला थांबवलं, राहणारी बोलते आहे, तू मध्ये पडू नकोस. नियमच तसा होता. उन्हाचे मारलेले आम्ही दोघं, उन्हासाठी तरसलेल्या देशात सावली वाटायला निघालो होतो.

अंगणात ऊन किती येतं ते कॉम्प्युटरवर बघायचं कामही माझ्याकडेच होतं. तळमजल्यावर, म्हणजे आजींच्या वाट्याला येणाऱ्या घरात, सप्टेंबर ते एप्रिल काहीच नाही. जूनमध्ये भर दुपारी थोडंसं. ते चित्र मी अहवालाच्या अगदी शेवटी लावलं आणि मूग गिळून बसले. परक्या देशात पहिल्यांदाच माझ्या शब्दावर एक इमारत उभी राहणार होती. ती मला मोडवेना.

मग राहणाऱ्यांना आराखडे दाखवायची संध्याकाळ झाली. आजी काठी टेकत थेट माझ्याकडे आल्या. त्यांनी मॉडेलकडे बघितलंही नाही. लेकीला आठवड्याभरात कळवायचंय, म्हणाल्या, आणि विचारलं, “घरात ऊन येईल ना?”

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसानं काही विचारलं की तोंडातून आधी हो बाहेर पडतं, खरं-खोटं मागाहून. मी म्हटलं, “येईल की.”

आजींनी माझा हात दाबला. त्याच आठवड्यात त्यांनी लेकीला नको म्हणून कळवलं आणि एनस्खेडेची जागा दुसऱ्या कुणाला गेली.

इमारत देखणी झाली. मासिकात फोटो आले. सगळे जूनमध्ये काढलेले. बक्षीसही मिळालं. पहिल्या हिवाळ्यात मात्र तक्रारी सुरू झाल्या, दुपारी बारालाही दिवे लावावे लागतात म्हणून. बैठकीत सरांनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. मी शेजारी बसून टिपणं काढत होते.

त्यानंतर जानेवारीत एकदा मी एकटीच अ‍ॅमस्टेलव्हीनला गेले. आजींची बेल वाजवली, दार उघडलं नाही. परत फिरले तर त्या मोठ्या रस्त्यावरच्या बसथांब्यावर बसलेल्या दिसल्या, कोट घालून, डोळे मिटून, तोंड उन्हाकडे. मी शेजारी टेकले. एक बस आली. त्यांनी डोळे उघडून हात हलवला, ड्रायव्हरनंही हलवला आणि बस न थांबता गेली. ड्रायव्हर आता ओळखतात, त्या म्हणाल्या. रोज दोन तास. पाऊस असला तर नाही.

मी लेकीचं विचारलं. बरी आहे. इतक्या लांबून महिन्यातून एकदा येते.

एवढं झाल्यावर मला गप्प बसवेना. माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये मी म्हटलं, “चर्चेत मी तुमचं बोललेच नाही. माझंच बोलले. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं, ऊन येणार नाही.”

“त्या संध्याकाळी माहीत होतं?”

“हो.”

मला वाटलं, रागावतील. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

“मग तेव्हाच सांगायचं होतंस,” त्या म्हणाल्या. “मी लेकीकडे गेले असते.”