आई बसली की गाडी तापते

आमची गाडी फक्त आई बसली की तापायची. हे सांगितलं की लोक हसतात. बाबांनाही सुरुवातीला हसूच आलं होतं. आईला मात्र कधीच आलं नाही.

बाबांनी उमेदीची सगळी वर्षं मुंबईत टॅक्सी चालवली. आई आणि मी इथे, रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याला. गणपतीला आणि शिमग्याला ते यायचे आणि चार दिवस राहून परत जायचे. मला इंग्रजी शाळेत त्यांनीच घातलं, पण ती शाळा त्यांनी आतून कधी पाहिली नाही. ते कायमचे घरी आले तेव्हा घरात कोणी पाहुणा राहायला आल्यासारखं मला वाटायचं. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायचे. तेही माझ्याशी जपून बोलायचे, जसे नव्या पॅसेंजरशी बोलत असतील तसे.

टॅक्सी भंगारात गेली होती, पण येताना बाबा त्याच जुन्या मॉडेलची एक खाजगी गाडी घेऊन आले. कुणा म्हाताऱ्या गृहस्थांनी जपून वापरलेली होती. आईला ती टॅक्सी वाटू नये म्हणून त्यांनी ती आकाशी रंगवून घेतली. रंगकाम चालू होतं तोवर रोज तिथे जाऊन उभे राहायचे. मग सीटना नवी कव्हरं आली, आणि डॅशबोर्डवर आईच्या जागेकडे तोंड केलेला एक छोटा पंखा बसला, ट्रकमध्ये असतो तसला. आईला उकाडा सोसत नाही. तो पंखा त्यांनी स्वतःच्या हातानं जोडला.

गाडी घेतली ती आईला मावशीकडे नेता यावं म्हणून. आईची ही थोरली बहीण लांज्याच्या पुढे राहते. तिचं अर्धं अंग लुळं पडल्यापासून आई गुडघे धरत, एसटी बदलत तिच्याकडे जायची. "आता दारात नेऊन सोडतो तुला," बाबा म्हणाले होते.

पहिल्याच खेपेला, लांज्याच्या वाटेवर पालीच्या अलीकडे, टेंपरेचरचा काटा वर वर सरकत लाल पट्ट्यात गेला. मी मागे बसले होते. आईला गाडीतलं काही कळत नाही, पण लाल रंग कळतो.

"अहो, तो काटा बघा."

"काय नाय झालं."

"लालमध्ये गेलाय!"

"जाऊ दे गो. गाडी तापली की मला वासावरून कळतं."

"आधी थांबवा."

बाबांनी गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. वाफ नव्हती, पाणी उकळल्याचा आवाज नव्हता. हायवेच्या कामाची धूळ खात आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. पुन्हा निघालो तर काटा पुन्हा लालमध्ये. पालीचा स्टॉप आल्यावर आई उतरली आणि समोर उभी असलेली एसटी धरून लांज्याला गेली. बाबा एसटी दिसेनाशी होईपर्यंत बॉनेटला टेकून उभे होते.

आई उतरली ती काट्याला भिऊन नव्हे. ती भ्यायली होती ती "काय नाय झालं" ला. मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर हेच वाक्य असायचं. एकदा बाबा काविळीनं हॉस्पिटलात पडून होते, तेव्हासुद्धा फोनवर सगळं ठीकच होतं. आईला ते कळलं ते गावातल्या दुसऱ्या टॅक्सीवाल्याकडून, बाबा बरे होऊन कामावर गेल्यानंतर. त्या दिवशी ती ओट्याशी पाठमोरी उभी राहिली होती आणि नळ नुसताच वाहत होता. मी तेव्हा शाळकरी होते, पण ते विसरले नाही.

"काटा खोटा आणि हे खरे?" ती लांज्याहून आल्यावर मला म्हणाली. "मला हे दोघंही नकोत."

बाबांनी इथल्याच एका मेकॅनिकला गाडी दाखवली. त्यानं थर्मोस्टॅट बदलला, काट्याचा सेन्सर बदलला, रेडिएटर धुऊन दिला. मग बाबांना घेऊन हातखंब्यापर्यंत जाऊन आला. काटा मधोमध, शहाण्यासारखा. दोघं खुशीत घरी आले आणि आईला म्हणाले, एक चक्कर मारू या. आई बसली. औद्योगिक वसाहतीच्या फाटकापर्यंत पोचेस्तोवर काटा लालमध्ये.

मेकॅनिक मागे बसून हसायलाच लागला. "काकी, तुम्ही बसलात की गाडीला घाम फुटतो बघा!"

"मग मी बसतच नाय," आई म्हणाली. "गाडीलाही गार वाटू दे आणि तुझ्या काकांनाही."

त्यानंतर तिनं खरोखरच गाडीत पाय ठेवला नाही. पंधरवडा झाला की पिशवी घेऊन स्टॉपवर जायची. बाबा दारातून बघत राहायचे. हळूहळू त्यांनी गाडी पुसणं सोडलं. एके दिवशी जेवताना म्हणाले, "विकून टाकतो. जिच्यासाठी घेतली तीच बसत नाय." आईनं त्यांना आणखी भात वाढला, पण विकू नका असं काही ती म्हणाली नाही.

मी रत्नागिरीत एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. गाडी आल्यापासून बाबा मला सकाळी सोडायला यायचे. काय बोलावं हे दोघांनाही सुचायचं नाही, म्हणून मी डॅशबोर्डकडे बघत बसायचे. काटे, बटणं, बाबांनी चिकटवलेला छोटा गणपती. सकाळच्या त्या फेऱ्यांत काटा कधी जागचा हलला नाही. याचं मला नवल वाटायचं, पण मी बोलले नाही. गाड्यांतलं मला काय कळतं?

मग एका दुपारी मला बरं वाटत नव्हतं म्हणून मी लवकर निघाले आणि बाबा न्यायला आले. एप्रिलचं ऊन होतं. मी घामानं निथळत होते. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पंखा लावला.

मी नेहमीप्रमाणे डॅशबोर्डकडे बघत होते. पेट्रोलचा काटा पाव टाकीवर होता. तो उठला आणि हळूहळू अर्ध्याच्या वर गेला. मी पुन्हा पुन्हा बघितलं. त्याच्या शेजारी टेंपरेचरचा काटाही चढायला लागला होता.

"पेट्रोल भरलंत का?" मी विचारलं.

"नाय. का गो?"

"वाढलंय."

बाबा माझ्याकडे असे बघायला लागले की मला ताप चढलाय असंच त्यांना वाटलं असावं. मी हात पुढे करून पंखा बंद केला. थोड्या वेळानं दोन्ही काटे खाली आले. पुन्हा लावला, दोन्ही वर. बाबांनी गाडी एका आंब्याखाली उभी केली आणि आम्ही तो पंखा कितीतरी वेळा लावला, बंद केला. मला जेवढं दिसलं तेवढं मी सांगितलं होतं. पुढचं बाबांना आपसूक कळलं. एरवी हा पंखा लागायचा तो फक्त आई बसली की.

"दोन्ही मीटरची अर्थिंगची वायर एकच आहे," ते म्हणाले. "पंख्याची वायरपण मी तिथंच आवळली. अर्थिंगच नीट मिळत नसणार, म्हणून पंखा लावला की काटे खोटं दाखवतात." मग म्हणाले, "आईला पंख्याचं काय बोलू नको हां. काढून टाका म्हणेल. मी गुपचूप दुरुस्त करतो."

मी सहसा कुणाला उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"नको बाबा. आधी तिला दाखवू या. दुरुस्त करायच्या आधी."

त्यांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. अंगणात गाडी उभी केल्यावर इंजिन चालूच ठेवलं आणि आईला हाक मारली.

आई पिठाच्या हातांनी आली आणि दार उघडं ठेवून सीटच्या कडेला बसली. मी पंखा लावला. काटे चढले. मी बंद केला. काटे उतरले. आई डोळे बारीक करून बघत होती.

"पंख्यानं पेट्रोल वाढतं होय?" ती म्हणाली. "मग लावूनच ठेवा की!"

बाबा हसले. तीही हसली, पण लगेच थांबली. "म्हणजे त्या दिवशी पालीला तुम्ही खरं सांगत होता."

बाबांना "हो" म्हणता आलं असतं. मला वाटलं, ते म्हणणार.

"मला तरी कुठं माहीत होतं," ते म्हणाले. "मला वाटत होतं गाडी तापलेली नाय. खात्री नव्हती. तू घाबरू नयेस म्हणून म्हटलं."

आईनं हाताचं पीठ पदराला पुसलं. "मग तसं सांगायचं असतं. माहीत नाय असं सांगायचं असतं."

बाबांनी मान डोलावली.

त्यांनी मीटरचा सांगाडा बाहेर काढला तेव्हा आईच बॅटरीचा उजेड धरून उभी होती. मागच्या पत्र्यावर, जिथे वायर स्क्रूखाली आवळलेली होती, तिथे रंगाचा जाड थर होता; वायर पत्र्याला नीट टेकतच नव्हती. रंगाऱ्यानं डॅशबोर्ड काढून आतूनसुद्धा रंग मारला होता. "मीच सांगितलेलं त्याला, एक कोपरा सोडू नको म्हणून," बाबा पुटपुटले. पॉलिश पेपरनं ते घासत राहिले आणि हळूहळू आकाशी रंगाखालून पांढरा, चकचकीत पत्रा वर आला.

पुढच्या खेपेला ती दोघंच लांज्याला गेली. मी ऑफिसचं निमित्त सांगितलं. संध्याकाळी आई आली तीच जरा तणतणत. चप्पल काढली, पाणी प्यायली, आणि बाबा अंगणात आहेत हे बघून मला म्हणाली, "ह्यांना साखर आहे."

"म्हणजे?"

"डायबेटिस. मुंबईत असल्यापासून. गोळ्यापण नीट घेत नाय. येताना आपणहून सांगितलं, मी काय विचारलंसुद्धा नव्हतं. मी रागावले. पार घर येईस्तोवर रागावत होते."

"मग बाबा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? ऐकत होते. गाडी चालवत होते." तिनं तांदळाचा डबा उघडला, किती घ्यावेत याचा विचार करत क्षणभर थांबली आणि थोडे परत टाकले. "शनिवारी सुट्टी आहे ना तुला? उपाशीपोटी रक्त तपासायला जायचंय. तूपण चल, डॉक्टर काय सांगतात ते नीट ऐकून ये."

"रिक्षानं जायचं?"

"रिक्षानं कशाला?" आई म्हणाली. "गाडी आहे की आपली."