सोनपेठचा मान्यताप्राप्त वेडा

समस्त सोनपेठकरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपल्या गावचा एकमेव मान्यताप्राप्त वेडा, नागनाथ, गेल्या महिन्यात वारला. ती जागा रिकामी आहे. लायक उमेदवार गावात पुष्कळ आहेत. त्यांना सगळे शहाणे म्हणतात, एवढीच अडचण.

बातमी मला परभणीच्या बसस्टँडवर सोनपेठ गाडीच्या कंडक्टरने दिली. "गुरजी, तुमचा येडा गेला की वो." आणि घंटीची दोरी ओढून तो मोकळा झाला... बालपणापासूनचा माझा मित्र एका वाक्यात संपला.

नागूचा वेडेपणा एवढाच, की भर वैशाखात तो गळ्याला लोकरी मफलर गुंडाळून हिंडायचा. कारण थोरल्या भावाची बायको, गिरिजावहिनी. "भाऊजी, लय थंडी पडायलीय का?" म्हणून त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. त्या हसण्यासाठी हा गडी घामाघूम व्हायला तयार!

मग वहिनींचं तान्हं बाळ गेलं. आधी त्यांचं हसणं थांबलं, मग जेवण, मग बोलणं. चुलीपुढे भिंतीकडे बघत बसायच्या. पण घर शिवभक्तांचं, कडक सोमवार पाळणारं. सासूने जाहीर केलं, "सूनबाईनं मौन धरलंय." झालं! गल्लीतल्या बाया नारळ घेऊन पाया पडायला येऊ लागल्या. वहिनींची हाडं वर आली, तसतसं लोकांना त्यांच्या चेहऱ्यावर तेज दिसू लागलं.

एकटा नागू कंठशोष करत होता. "आवो, आजारी हायत त्या! माझ्या मफलरला बी हसंना गेल्या!" मफलर हे त्याचं थर्मामीटर. पण वैशाखात मफलर घालणाऱ्याचं ऐकतो कोण? उलट घरच्यांनी ठरवलं, डॉक्टरला दाखवायचं ते ह्यालाच.

नागू एका पायावर तयार झाला. "येतो. पण वहिनी सोबत पायजेत. त्यांच्या पुण्याईनं तरी गुण येईल." हे मात्र सगळ्यांना तात्काळ पटलं.

परभणीच्या दवाखान्यात मीही होतो. मनाच्या आजाराचे डॉक्टर नागूशी थोडं बोलले आणि मग त्याच्या मागे बसलेल्या वहिनींकडेच बघत राहिले. त्यांना आत घेऊन गेले. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन थोरल्या दादांना, वहिनींच्या नवऱ्याला, म्हणाले, "आजारी या आहेत. औषधांनी बऱ्या होतील."

दादांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आमच्या घरची बाई येडी? घरात बहिणी लग्नाच्या हायत, डाक्टरसाब. येडा ह्यो हाय. ह्यालाच द्या गोळ्या."

डॉक्टर भडकले, मी भडकलो. बाईने उपाशी मरावं, पण देवी म्हणून मरावं, असा हा हिशेब! नागूच तेवढा थंड. "दादा, गोळ्या माझ्या म्हनूनच सांगा गावात. खातील वहिनी."

दादांनी औषधाची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. त्यांची संमती अशीच असायची.

तेव्हापासून नागूचं रोजचं नाटक सुरू झालं. ओट्यावरून तो साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा, "माझ्या येडेपणाच्या गोळ्या कुठं ठिवल्या?" आणि आत स्वयंपाकघरात वहिनी गोळी घ्यायच्या. पुढच्या उन्हाळ्यात चुलीपासून आवाज आला, "भाऊजी, लय थंडी पडायलीय का?" नागू अंगणात नाचला. शेजारी म्हणाले, येड वाढलंय!

वहिनी बऱ्या झाल्या त्याचं श्रेय मौनाला मिळालं. नागूला मात्र कुणी मुलगी देईना, दुकानाच्या गल्ल्यावर कुणी बसू देईना. मी चिडून म्हणायचो, सांगून टाकतो सगळं. "गप रे," तो म्हणायचा, "वहिनींना गावात राहायचंय." मग मफलरचं टोक उडवून, "मला तर सवय झाली."

नागूची माती उरकून परतल्यावर आम्ही त्याच्या घरच्या बैठकीत बसलो. खुंटीला मफलर तसाच होता. कुणी एक म्हातारबुवा सुस्कारले, "लय गोळ्या खाल्ल्या बिचाऱ्यानं, पर डोकं काय ताळ्यावर आलं न्हाई." थोरल्या दादांनी मान डोलावली. डोलावली! मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतलं दार वाजलं. एवढ्या पुरुषांत कधी न येणाऱ्या गिरिजावहिनी सरळ बैठकीत आल्या, खुंटीवरचा मफलर काढून छातीशी धरला आणि म्हणाल्या,

"गोळ्या माझ्या होत्या!"