व्हर्ना स्वोपची काडतुसं

व्हर्ना स्वोपला माणसांची नावं पटकन आठवत नसत, पण त्यांच्या रायफली आठवत. दुकानात कुणी हात केला की ती आधी मनात म्हणे, हा विंचेस्टरवाला, ह्याच्या रायफलीला हलकी गोळी मुळीच रुचत नाही. नाव मग घरी पोचल्यावर कधीतरी सुचायचं. पेन्सिल्वेनियाच्या उत्तरेकडच्या त्या डोंगरांत नोव्हेंबर म्हणजे हरणांचा महिना, आणि त्या खोऱ्यातल्या निम्म्याअधिक रायफली व्हर्नाच्या हातची काडतुसं खायच्या.

ऑगस्टपासून लोक मागल्या वर्षी झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या कॉफीच्या डब्यांत भरून तिच्या मागच्या पायरीवर ठेवून जात. ती त्या घासून लख्ख करायची, दाबयंत्रात घालून मापात आणायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची. मग बंदुकीची दारू. कुणाच्या रायफलीला किती दारू हे तिला तोंडपाठ होतं. ती इवल्या तराजूवर एकेका काडतुसाची दारू तोलायची, ताटलीतून पुंगळीत ओतायची, आणि शेवटी वर गोळी बसवायची. बाजारात तयार काडतुसं मिळत नव्हती असं नाही. पण बाजारचं काडतूस सगळ्या रायफलींसाठी असतं, आणि व्हर्नाचं एकीसाठी.

हे तिला शिकवलं हार्लननं, तिच्या नवऱ्यानं, लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात. लाकूड कापायच्या गिरणीत राबून त्याची बोटं एवढी जाड झाली होती की ताटली धरली की हिंदकळायचीच. "तुझ्या हाताला घाई नाही," तो म्हणाला होता, आणि तेव्हापासून ते टेबल तिचं झालं. उन्हाळ्यात निशाणाच्या मैदानावर हार्लन तिची पाच काडतुसं झाडायचा आणि पाचही भोकं एका नाण्याखाली झाकून सगळ्यांना दाखवायचा. व्हर्ना मागे खुर्चीत बसून विणकाम करी आणि वर बघत नसे. आपण मान वर केली तर आपला आनंद सगळ्यांना दिसेल अशी तिला भीती वाटायची.

स्वतः ती कधी शिकारीला गेली नाही. जायची गरजच पडली नाही. दारू पुंगळीत उतरताना वाळूसारखा बारीक आवाज होई, आणि त्या आवाजासरशी तिच्यापुढे डोंगर उभा राही: बीच नावाच्या झाडांची करडी खोडं, पानांवरचं हिव, कुणाच्या तरी तोंडातून निघणारी वाफ, आणि समोरच्या उतारावरून नाक उंचावत येणारं हरीण. प्रत्येक काडतुसाबरोबर ती थोडी थोडी तिकडे जाऊन यायची.

हार्लन गेल्याला सहा वर्षं झाली, आणि आता त्या डोंगरावरून तोही येऊ लागला. ती त्याचा लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी शर्ट अंगात घालून टेबलाशी बसलेली असायची. दारू तोलता तोलता दारात बुटांवरचं बर्फ झटकल्याचा आवाज यायचा. ती मागे वळत नसे. वळलं की तो जातो, हे तिला ठाऊक झालं होतं. बाकी कुणाला ती हे सांगायला गेली नाही. आधीच गावात कुजबूज होती. एकाहत्तर वर्षांची म्हातारी, तिची नजर, तिच्या हातात दारूकाम! एक चूक झाली असती तर ऑगस्टात पायरीवर एकही डबा आला नसता. आणि डबे आले नसते, तर वर्षभरात व्हर्नाच्या दाराशी दुसरं यायचं तरी कोण?

ती चूक तिला रविवारी सकाळी दिसली, शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी.

चर्चमधून आल्यावर ती तराजू आवरून ठेवायला गेली. त्यावरचं फडकं उचललं. ताटलीत दारू होती. एका काडतुसाची तोललेली दारू तशीच बसून राहिली होती. तराजूचा काटा चाळीस ग्रेनवर, म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅमवर होता. चाळीस म्हणजे क्लेअर रूपर्टची सॅव्हेज रायफल. शुक्रवारी शेवटची वीस काडतुसं त्याचीच भरली होती, आणि संध्याकाळी तो डबी घेऊन गेलाही होता.

जास्तीची दारू ती कधीच तोलत नसे. म्हणजे वीसपैकी एका काडतुसात दारू नव्हती. शुक्रवारी हार्लन आला होता, तिला आठवलं. बुटांचा आवाज झाला, तिनं ताटली क्षणभर परत तराजूवर ठेवली, आणि मग ओतून झालं असं समजून गोळ्या बसवायला घेतल्या. गोळ्या बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्यांत टॉर्च मारून बघायचं, हा हार्लनचा नियम होता. टॉर्च मारला होता का, तेही तिला आठवेना.

रिकामं काडतूस उडत नाही म्हणून निरुपद्रवी, असं कुणाला वाटेल. बुडाच्या टोपीचा जोर गोळीला रायफलीच्या नळीत अर्ध्यावर ढकलतो आणि तिथंच अडकवून ठेवतो. समोर हरीण असतं, माणूस घाईघाईनं दुसरं काडतूस आत ओढतो, आणि दुसरी गोळी पहिलीवर जाऊन आदळते. मग नळी फुटते, आणि नळीच्या मागे त्या माणसाचं तोंड असतं. इथं ते तोंड क्लेअरचं होतं. लग्नात हार्लनच्या शेजारी उभं राहिलेलं, आणि सहा वर्षांपूर्वी शवपेटीपाशी लहान मुलासारखं रडलेलं.

तिनं चर्चच्या कपड्यांवरच तो चौकड्यांचा शर्ट चढवला आणि उभ्या उभ्या वीस काडतुसं नवी भरली. या वेळी टॉर्च दोनदा मारला. घरी भाजलेला ॲपल पाय टोपलीत ठेवला, नव्या काडतुसांची डबी शर्टाच्या खिशात टाकली आणि ट्रक डोंगराकडे काढला. शिकाऱ्यांच्या कॅम्पवर जायचं, टोपली द्यायची, गुपचूप डबी बदलायची आणि परत यायचं. कुणाला पत्ता लागायचं कारण नव्हतं.

कॅम्प म्हणजे लाकडी खोपटं, एक चूल, बारा बिछाने. दुपारच्या जेवणाची वेळ होती. मर्ल, म्हणजे कॅम्पचा स्वयंपाकी आणि कारभारी, ओगराळं हातात घेऊनच दारात आला.

"अरे उठा, उठा! व्हर्ना आलीये! आणि टोपलीत काहीतरी आहे!"

"टोपलीला उठतोय की मला?" व्हर्ना म्हणाली.

"तुला गं. टोपली आपली निमित्त." मर्लनं टोपली आधी घेतली.

"क्लेअर, सरक जरा. का शर्टाची काळजी लागलीये? उद्या पाचवी चिंधी लागते बघ तुझी!" कुणीतरी ओरडलं.

"माझ्या चार तरी आहेत. तुला हरीण दिसलंच कधी, चुकायला?" क्लेअरनं पाव मोडता मोडता उत्तर दिलं.

चुलीमागच्या भिंतीवर शर्टांचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले होते. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचा मागचा पदर कात्रीनं कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर ठोकायचं, ही कॅम्पची रीत. सगळ्यांच्या चिंध्या तिथं होत्या. फक्त हार्लनची नव्हती. "माझा शर्ट अखंड आहे, कारण माझी बायको कामावर जागी असते," असं तो दरवर्षी त्या टेबलावर बसून म्हणायचा, आणि घरी येऊन आपण तसं म्हणालो हे तिला सांगायचा.

कोट दाराशेजारच्या खुंट्यांवर होते. व्हर्ना हात धुवायच्या मिषानं तिकडे गेली. क्लेअरच्या कोटाच्या खिशात डबी लागली. तिच्याच हस्ताक्षरात वर क्लेअरचं नाव. मोजली, वीसच्या वीस होती. तिनं ती आपल्या शर्टाच्या खिशात घातली आणि नवी डबी त्या कोटात सरकवली. तिचा जीव भांड्यात पडला. झालं, इतकंच होतं.

"काय रे क्लेअर," टेबलावरून मर्ल विचारत होता, "सगळ्यांनी रायफली तपासल्या, तू अजून एकही बार काढला नाहीस."

"कशाला काढू?"

"नेम बघायला, दुसरं कशाला!"

"काडतुसं व्हर्नाची आहेत," क्लेअर म्हणाला. "हार्लन तरी कधी तपासायचा? मी ती डोळे मिटून भरतो."

तो हे कुणाला ऐकवायला बोलला नव्हता. पाव खात खात, हवेबद्दल बोलावं तसं बोलला. व्हर्ना खुंट्यांपाशीच थांबली. मूग गिळून गप्प बसायचं ती ठरवून आली होती, पण हे ऐकून गप्प बसणं म्हणजे चोरी होती.

ती टेबलाशी आली आणि जुनी डबी क्लेअरच्या ताटाशेजारी ठेवली.

"नको भरूस डोळे मिटून. ह्यात एक रिकामं आहे. दारू घालायची राहिली माझ्या हातून. तुझ्या कोटात मी आत्ता चोरून दुसरी डबी ठेवलीये."

चमचे थांबले. मर्लनं ओगराळं खाली ठेवलं. क्लेअरनं डबीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"कुठलं?" त्यानं विचारलं.

"ते कळत असतं तर आले असते का?"

मर्लनं ताटं बाजूला सारली. एक पेन्सिल आडवी ठेवली, तिच्यावर लाकडी पट्टी ठेवली, एका टोकाला नव्या डबीतलं काडतूस ठेवलं. दुसऱ्या टोकाला क्लेअर एकेक ठेवत गेला. पट्टी सरळ राहायची, किंचित डुलायची, आणि सगळे मिळून श्वास सोडायचे. तेरा झाली. चौदावं ठेवलं आणि पट्टीचं ते टोक अलगद वर आलं.

दिसायला ते बाकीच्यांसारखंच होतं, तितकंच लख्ख. क्लेअरनं ते उचलून तळहातावर घेतलं. 

"मी हार्लनची वाट बघत होते," व्हर्ना म्हणाली. हे ती बोलणार नव्हती. "तो येतो कधी कधी, मी दारू तोलत असले की. माझं लक्ष त्याच्याकडे गेलं."

कुणी हसलं नाही. क्लेअर ते काडतूस टेबलावर ठेवत म्हणाला, "माझ्याकडे तो मी दबा धरतो त्या ओढ्यापाशी येतो. तिथं मीही निम्म्या वेळा हरणाकडे बघत नाही. चार चिंध्या उगाच लागल्यात का?"

व्हर्नानं नाक पुसलं आणि त्यांच्याकडे पाठ केली. "कात्री आणा."

"काय बोलतेस! बार कुठं काढलायस तू?" मर्ल म्हणाला.

"चुकले ना? रीत म्हणजे रीत. आणा म्हणते ना."

मर्लनं कात्री आणली, शर्टाचा पदर हातात धरला, आणि थांबला. लाल-काळ्या चौकड्या त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या ओळखीच्या होत्या.

"व्हर्ना, हा हार्लनचा शर्ट आहे."

"ठाऊक आहे मला कुणाचा आहे," ती म्हणाली. "काप."

कात्री जुनी होती, लोकर जाड. बराच वेळ लागला. क्लेअरनं स्वतः त्यावर व्हर्नाचं नाव आणि साल लिहिलं, आणि ते हलकं काडतूस दोऱ्यानं त्याच खिळ्याला बांधलं. मग त्यानं उरलेली सहाही पट्टीवर तोलली, ती सगळी बरोबर निघाली, आणि तिची नवी डबी कोटातून काढून तिला परत दिली.

"ही ने परत. मी ही जुनी एकोणीसच नेणार."

"का?"

"ही माझ्या डोळ्यांदेखत तोललीत. नवीचं काय सांगावं, तू ती भरताना तो परत येऊन गेला असला तर?" त्यानं तिच्या खांद्यावर थाप मारली. "ऑगस्टात पुंगळ्या आणतो. आणि एक चांगला टॉर्च. तुझ्या त्या काजव्यानं काय दिसायचंय!"

सोमवारी सकाळी व्हर्ना कॉफी घेऊन मागच्या पायरीवर बसली. उजाडत होतं. खोऱ्यावर धुकं होतं आणि डोंगर त्यात नुसता तरंगत होता. लांबून बार ऐकू येऊ लागले आणि ती एकेक ओळखत गेली. हा विंचेस्टरवाला. ही रायफल दोनदा खोकली, म्हणजे पहिला नेम चुकला, गेलं त्याचं हरीण, शर्टही गेला. बुटांवरचं बर्फ झटकल्याचा आवाज मागे दारात झाला. ती वळली नाही.

"तुझा शर्ट गेला रे," ती म्हणाली.

सात वाजून गेल्यावर ओढ्याच्या बाजूनं सॅव्हेजचा आवाज आला. एकच. ती कप गुडघ्यावर धरून दुसऱ्याची वाट बघत राहिली. धुकं सरकलं, कॉफी निवली, पण दुसरा बार झाला नाही. कमरेशी, जिथं शर्टाचा पदर नव्हता, तिथं गार वारा लागत होता, आणि आत जावंसं तिला वाटत नव्हतं.