सेक्टर जी, सेक्टर जे

पार्सल हातात आलं की काका आधी ते कानाशी धरायचे आणि हलवायचे. एकदा हळू, एकदा जोरात. मग डोळे मिटून म्हणायचे, "थांबा, बोलू नका. मला ओळखू द्या."

आपण थांबायचं. पार्सल आपलं, आत काय आहे ते आपल्याला पाठ, तरी थांबायचं. "काचेचं सामान," काका जाहीर करायचे. आत चपला असायच्या. "पुस्तक आहे, जाडजूड." आत कुकरची रिंग आणि शिट्टी. उभा जन्म वायुसेनेच्या स्टोअर्समध्ये काढलेला हा माणूस, किती खोकी त्यांच्या हाताखालून गेली असतील देव जाणे. पण त्यांचा अंदाज कधी बरोबर आल्याचं मला तरी आठवत नाही. त्याचं त्यांना काही वाटतही नसे. "पॅकिंगच चुकीचं केलंय साल्यांनी," असं म्हणून ते पुढच्या खोक्याला कान लावायचे.

तुमच्याही गल्लीत असं कुणीतरी असेल. नसेल, तर तुमची पार्सलं कोण घेतं हा मला प्रश्नच आहे.

लखनौला जानकीपुरमच्या सेक्टर जीमध्ये आम्ही भाड्याने राहत होतो. मी आणि नवरा दोघंही प्रयोगशाळेत नोकरीला. सकाळी दाराला कुलूप लागायचं ते संध्याकाळीच निघायचं. ऑनलाइन खरेदीचं वारं तेव्हा नुकतंच शिरलं होतं, आणि पार्सलवाला नेमका आम्ही घरी नसताना यायचा. फोन आला की मी एकच वाक्य बोलायचे, "भैया, बगल में अंकल जी को दे दीजिए." गल्लीतले सगळेच ते बोलायचे. काही दिवसांनी पार्सलवाल्यांनी फोन करणंही सोडून दिलं. ते सरळ काकांच्या फाटकाशी येऊन हॉर्न वाजवायचे.

काका मूळचे कोरेगावकडचे. रिटायर झाल्यावर गावी जायचं होतं, पण बायको इथल्या शाळेत शिकवत होती, तिची नोकरी शिल्लक होती, म्हणून इथेच घर बांधलं. आम्ही राहायला आलो त्याच्या आधीच ती गेली होती. मुलगा पुण्यात. घरात काका, दारात एक जुनी स्कूटर आणि दिवाणखान्यात गल्लीभरची खोकी.

पार्सल न्यायला गेलं की चहा घ्यावा लागे. परत पाठवायचं असेल, तर ते पार्सलही काकांकडेच ठेवायचं, आणि ते कारण विचारायचे. समोरच्या मिश्रा भाभी एकदा साडी परत करायला घेऊन गेल्या. काकांनी ती उलगडायला लावली, उजेडात धरली आणि म्हणाले, "क्यों वापस? रंग तो फर्स्ट क्लास है. आपपे खुलेगा." भाभी साडी घेऊन घरी गेल्या आणि पुढे तीन लग्नांत तीच नेसल्या. मिश्राजींनी ते रंग खुलण्याचं वाक्य बरेच दिवस मनात ठेवलं असावं, कारण पुढच्या परतीच्या खोक्यासोबत ते स्वतः आले.

आता त्या रोपांच्या पार्सलाबद्दल सांगते.

एका दुपारी काकांकडे एक उभं खोकं आलं. घर क्रमांक त्यांचाच, नाव मात्र कुणा बाईंचं. मी रजेवर होते, नेमकी तिथेच बसले होते. काकांनी सवयीने खोकं कानाशी धरलं आणि हलवलं. मग उलटं करून हलवलं. "लोणच्याची बरणी," ते म्हणाले. मी खोक्याची दुसरी बाजू वाचली. त्यावर हिंदीत मोठ्या अक्षरांत छापलं होतं की आत जिवंत रोपं आहेत, सरळ धरा.

काकांनी खोकं सरळ धरलं. आतून माती सरकल्याचा आवाज आला.

चिठ्ठीवरच्या नंबरावर मी फोन लावला. पलीकडे एक अत्यंत नम्र आवाज. मी विचारलं, "मैडम, आपका सेक्टर कौन सा है?"

"जी, जे."

"जी?"

"जी. जे."

"मतलब जी या जे?"

"जी, जे!"

तेव्हा उलगडा झाला. बाई सेक्टर जेमध्ये राहत होत्या, घर क्रमांक काकांचाच. पण पक्क्या लखनवी. कुणी काही विचारलं की उत्तराआधी 'जी' आल्याशिवाय त्यांना बोलताच यायचं नाही. फोनवर ऑर्डर घेणारा पहिलं अक्षर ऐकायचा आणि लिहून मोकळा व्हायचा.

काका स्कूटर काढून निघाले. परत आले ते गंभीर चेहऱ्याने.

"काय झालं काका?"

"काही नाही. बाईंनी खोकं उघडलं. सगळी रोपं मोडलेली. मला विचारलं, 'आपने इसे हिलाया था?'"

"मग?"

"मग काय, खोटं बोलायची सवय नाही. म्हटलं, दो बार. एक बार उल्टा करके." काकांनी स्कूटरची किल्ली खुंटीला अडकवली. "ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, 'आप धूप में आए हैं, पहले शरबत पी लीजिए.' पोरी, मोडलेल्या रोपांसमोर बसून मी शरबत प्यायलो."

बाई कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या, आणि गच्चीवर बाग. बिया, कुंड्या, खत, सगळं त्या पार्सलाने मागवायच्या. आणि त्यांच्या त्या 'जी'पायी निम्मं सामान आमच्या सेक्टरमध्ये यायचं. काका ते नेऊन द्यायचे. ही खोकी मात्र ते हलवायचे नाहीत. दोन्ही हातांत धरून, स्कूटरच्या पुढच्या जागेत पायांमध्ये ठेवून, मुलाला शाळेत सोडल्यासारखे हळूहळू जायचे.

सुरुवातीला ते बनियनवर सदरा अडकवून निघायचे. मग सदऱ्याला इस्त्री आली. मग स्कूटर धुतलेली दिसू लागली. मिश्रा भाभींनी गच्चीवरून हे सगळं टिपलं आणि मला विचारलं, "भाभी, अंकल जी आजकल खुद डिलिवरी कर रहे हैं क्या?" मी म्हटलं, फक्त सेक्टर जेची.

पुण्याहून मुलाचा मला फोन आला तो याच सुमारास. आवाज काळजीचा. "ताई, बाबा फोनवर सारखे कुठल्यातरी मॅडमच्या पार्सलांबद्दल बोलतात. रोज नेऊन देतात म्हणे. हल्ली ऑनलाइन फसवणूक फार चाललीय. काही भानगड नाही ना?"

मी त्याला खरं तेच सांगितलं, की पार्सलात गांडूळखत असतं. तो जास्तच घाबरला.

पुढे गोष्टी सुधारल्या, म्हणजे काकांच्या दृष्टीने बिघडल्या. पार्सलवाल्यांच्या फोनमध्ये नकाशे आले. घराच्या जागेवर टाचणी टोचून ठेवायची, की माणूस बरोबर त्याच दारात. बाईंच्या भाचीने त्यांच्या फोनवर ही सोय करून दिली आणि सेक्टर जेची खोकी सेक्टर जेला जाऊ लागली. आमच्या गल्लीतही आधी फोन करून वेळ विचारू लागले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पार्सल ठेवून घ्यायची सोय झाली. मोबाइलवर आलेला आकडा सांगायचा, दुकानदार खोकं सरकवणार. आत काय असेल याचं त्या दुकानदाराला काडीचं कुतूहल नव्हतं.

काका दुपारी फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे. पार्सलवाल्याची गाडी आली की अर्धवट उठायचे, ती पुढे गेली की बसायचे. मला ते बघवेना.

"काका, जाऊन या ना मॅडमकडे," मी एकदा म्हटलं.

"काय घेऊन?"

"काही कशाला न्यायला पाहिजे? सहज जा."

"असं कसं सहज? पार्सल द्यायला आलेला माणूस पार्सलाशिवाय गेला तर त्याला काय म्हणतात?"

"पाहुणा म्हणतात काका."

ते हसले नाहीत. "पाहुण्याला बोलवावं लागतं, पोरी," म्हणाले आणि पेपर उघडून बसले. पेपर सकाळीच वाचून झालेला होता.

मी नवऱ्याला म्हटलं, आपणच काकांच्या नावाने दोन कुंड्या मागवू या. तो म्हणाला, त्यांना कळलं तर वाईट वाटेल. आम्ही काहीच केलं नाही. तसं काही करावंही लागलं नाही.

एका रविवारी सकाळी टेम्पो आला. दोघांना मिळून उतरवावं लागलं इतकं मोठं, चपटं खोकं. पार्सलवाल्याने काकांना हाक मारली. काकांनी चष्मा लावून नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. लगेच तो त्यांनी कडक केला. "देखो भाई, फिर गलत जगह ले आए. ये सेक्टर जे का है."

"नहीं अंकल जी. पता सेक्टर जी का ही है."

"अरे, वो फोन पे 'जी' बोलती हैं ना..."

"फोन की बात ही नहीं है. मैडम ने खुद टाइप किया है. लोकेशन भी यहीं की डाली है, देख लीजिए."

त्याने फोन पुढे केला. नकाशावरची लाल टाचणी काकांच्या अंगणात उभी होती, स्कूटर असते तिथे.

गल्लीत त्या वेळी आम्ही चार-पाच जण तरी होतो. मिश्राजी दात घासत बाहेर आले होते, ते ब्रश तोंडात धरून तसेच उभे राहिले. काकांनी नकाशाकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पत्ता चुकला असेल," ते मराठीत म्हणाले. अगदी हळू.

"नाही काका. बोलावणं आलंय."

खोक्यात काय आहे ते या वेळी ओळखावं लागलं नाही, बाहेरच चित्र होतं. गच्चीत टाकायच्या घडीच्या खुर्च्या, दोन. एकट्या बाईला दोन खुर्च्या कशाला, असं मिश्रा भाभी मोठ्याने म्हणाल्या आणि स्वतःच तोंडावर पदर घेऊन हसल्या. खोकं स्कूटरवर मावणारं नव्हतं. ई-रिक्षा बोलावली. काका आत जाऊन दाढी करून आले आणि खोक्याला दोन्ही हातांनी कवटाळून मागे बसले. रिक्षा वळली तेव्हा सगळी गल्ली बघत होती. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. कान मात्र लाल झालेले दिसत होते.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. मुलगा पुण्याहून आला. आल्याआल्या थोडा तापलेला होता. भिंत सामाईक असल्याने आम्हाला ऐकू आलं.

"बाबा, अहो, या वयात?"

"मग कुठल्या वयात? मागच्या वयात तुझी आई होती."

मग मुलाचा आवाज, बदललेला. "त्यांना माहितेय ना, तुम्ही घोरता ते?"

"सांगितलंय. त्या म्हणाल्या, ग्रंथालयात इतकी वर्षं शांतताच ऐकली."

दुसऱ्या दिवशी मुलगा सेक्टर जेला जाऊन आला. येताना त्याच्या हातात कढीपत्त्याचं रोप होतं आणि राग कुठेतरी गच्चीवरच राहिला होता. महिन्याभरात नोंदणी पद्धतीने लग्न झालं. साक्षीदार म्हणून मी सही केली, दुसरी सही मिश्राजींची आणि तिसरी मुलाची. बाईंनी फिकट पिस्त्याच्या रंगाची साडी नेसली होती. अधिकाऱ्याने संमती विचारली. बाई म्हणाल्या, "जी." काका घाईने अधिकाऱ्याला म्हणाले, "ये हाँ वाला जी है, साहब. सेक्टर वाला नहीं." अधिकाऱ्याला काही कळलं नाही. आम्ही मात्र खोलीबाहेर येईपर्यंत हसत होतो.

काकांनी घर भाड्याने दिलं आणि ते सेक्टर जेला गेले. त्यांच्या जागी बँकेतलं एक जोडपं आलं, भलं होतं, पण दार लावून राहायचं. आम्ही सगळे पार्सलं किराणा दुकानातून आणू लागलो. घरी आणून लगेच उघडायची. उघडण्याआधी काही गंमत असते हे विसरूनच गेलो. मिश्राजींनी एकदा दुकानातच खोकं कानाशी धरलं. दुकानदाराने विचारलं, "टूटा है क्या?" मिश्राजी म्हणाले, "नहीं यार. बस, ऐसे ही."

पुढे आमची हैदराबादला बदली झाली. निघायच्या दिवशी चारबाग स्टेशनवर काका आणि बाई दोघंही आले. स्कूटरवरून, बाई मागे, त्यांच्या मांडीवर डबा. गाडी लागल्याबरोबर काका डब्यात चढले आणि आमचं सामान लावू लागले. ही बॅग खाली, ती वर, हिचा पट्टा आत. मी म्हणत होते, राहू द्या काका, ते म्हणत होते, "तू गप बस, स्टोअर्सचं काम आहे." सिग्नल झाला. शिट्टी झाली. काका अजून माझी एक पिशवी बाकाखाली ढकलत होते.

बाई प्लॅटफॉर्मवर खिडकीशी उभ्या होत्या. आधी त्यांनी नेहमीच्या मऊ आवाजात हाक मारली, "सुनिए, उतर आइए." काकांना ऐकू गेलं नाही. गाडीला हिसका बसला. तेव्हा त्या लखनवी बाईंनी, ज्यांना मी कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, खिडकीच्या गजांना धरून अस्सल कोरेगावच्या सुरात आवाज दिला, "आवं, उतरा की खाली!"

सगळा डबा वळून बघायला लागला. काका धडपडत उतरले.

गाडीने वेग घेतला तेव्हा मी खिडकीला गाल लावून मागे पाहत होते. दोघं जिन्याकडे निघाले होते. काकांची चाल फौजी, भरभर. ते बरेच पुढे गेले, मग थांबले आणि मागे वळून बाई जवळ येईपर्यंत गर्दीत तसेच उभे राहिले.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.