पाचवी पत्रावळ

मी त्या बेटावर देवाचे आभार मानायला गेले नव्हते. त्याला लाज वाटावी म्हणून गेले होते. भक्तीच्या अनुभवाची सुरुवात अशी करू नये हे मला कळतं, पण खोटं लिहून पुण्य मिळवायची माझी तयारी नाही.

आमच्या ह्यांना फिरायचा भारी सोस. मात्र सगळं फिरणं नागपूरच्या आसपासचं. शेजारीपाजारी गोव्याला, अंदमानला जाऊन फोटो दाखवायचे, आणि हे रविवारी सकाळी स्कूटर पुसत मला म्हणायचे, "चाल वं, आधी घरचं पाहू." रामटेकचं देऊळ, नगरधनचा किल्ला, मनसरच्या टेकडीवरच्या जुन्या विटा, सगळं मी त्यांच्या पाठीमागे बसून पाहिलं. बऱ्याच ठिकाणी पाहण्यासारखं थोडं आणि चालण्यासारखं फार असायचं, आणि मी वाटभर कुरकुर करायची. त्यांचं सगळ्यात लाडकं ठिकाण म्हणजे कुही गावाच्या पलीकडचं एक बेट. मुळात ती एका गावची टेकडी. धरणाचं पाणी चढलं, गाव पाण्याखाली गेलं, माणसं दुसरीकडे वसली, आणि माथ्यावरचं महादेवाचं जुनं दगडी देऊळ पाण्याच्या मधोमध उरलं. आता तिथं नावा चालतात, लोक केशरी जाकिटं घालून फोटो काढतात. "लोकं अंदमानले जाते," हे दर वेळी म्हणायचे, "आपलं अंदमान इथं हाय, अन् डबा घरचा."

शेवटचे आम्ही तिथं गेलो तेव्हा ह्यांच्या पोटाच्या तपासण्या चालू होत्या. देवळाच्या पायऱ्या चढताना हे मध्येच बसले आणि पाणी पाहायला थांबलो असं मला सांगितलं. मी तशीच वर गेले. गाभाऱ्यात जाऊन नवस बोलले, की हा माणूस बरा होऊ दे, तुझ्या दारात रोडग्यांचं जेवण घालीन. रोडगे म्हणजे जाड कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यात, भाजून तुपात बुडवलेले. माझ्या सासरची रीत कडक आहे. नवसाचे रोडगे देवाच्या दारातच भाजायचे, तिथं निदान पाच तोंडं जेवली पाहिजेत, आणि एक तुकडाही घरी परत आणायचा नाही. पाच तोंडं झाली नाहीत तर नवस फिटत नाही.

दिवाळीच्या आत हे गेले.

माघात मी गोवऱ्या पोत्यात भरायला लागले तेव्हा मुलगा दारात उभा राहून बघत होता. तो नागपुरातच सदरमध्ये नोकरी करतो, समजूतदार आहे, आवाज चढवत नाही. "आई, बाबा तं गेले ना. मंग नवस काहून फेडून राहिली?" त्याचं चुकत नव्हतं. मी म्हटलं, "त्यानं त्याचा शब्द मोडला. मी माझा पाळीन. मंग पाहू कोणाची मान खाली जाते." तो सोबत येतो म्हणाला, मी नाही म्हटलं. त्या देवाशी माझं काय ते एकटीनं बोलायचं होतं. आणि मनाशी आणखी एक ठरवलं होतं. लोकांना जेवू घालीन, पण त्याच्या दारात मी स्वतः घास घेणार नाही, पाणीसुद्धा नाही. वैऱ्याकडे कोणी जेवायला बसत नाही.

सोमवारी सकाळी मी कुहीपर्यंत बसनं आणि पुढे ऑटोनं गेले. श्रावण नावाच्या नावाड्यानं माझं पोतं, परात, तुपाचा डबा सगळं नावेत चढवलं आणि मला बेटावर उतरवून तो दुसरी गिऱ्हाईकं आणायला परतला. येणारे-जाणारे पर्यटक जेवतीलच, पाच तोंडांना कितीसा वेळ, असा माझा हिशोब होता. मी देवळाच्या मागं दगड मांडले, गोवऱ्या पेटवल्या, वांगी चिरली, भाजी फोडणीला टाकली. कणीक मळताना सारखी बडबडत होते. बाजूला कोणी असतं तर वेड लागलं म्हटलं असतं. पाहून घे, म्हटलं, नीट पाहून घे, तुझ्या दाराशी कोण आलंय. नव्या नवसाची सुपारी ठेवायला आलेली नाही, मागायला तर अजिबात नाही.

रोडगे आरात गेले आणि वारा सुटला. बघता बघता पाणी काळपट झालं, लाटा घाटाच्या दगडांवर आपटायला लागल्या. पलीकडच्या काठावर नावा ओढून घेतलेल्या दिसल्या. म्हणजे आता कोणी येणार नव्हतं. मी राखेतून रोडगे काढले, फडक्यानं झटकले, तुपात बुडवले, पहिला महादेवासमोर ठेवला. मग पळसाच्या पाच पत्रावळी मांडल्या, त्या उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर दगड ठेवला, आणि त्या रिकाम्या पंगतीसमोर बसले. तेव्हा मात्र मला रडू फुटलं. दुःखानं नव्हे, संतापानं. माणूस नेलास तो नेलास, आता माझा शब्दसुद्धा पाळू देत नाहीस का, असं मी गाभाऱ्याकडे तोंड करून ओरडले.

खालून कोणीतरी हाक मारली. "ओ बाई! ओ बाई, वरच हाय ना?"

घाटाला श्रावणची नाव लागली होती. त्याच्यामागे साड्यांवर केशरी जाकिटं घातलेल्या तीन बायका एकमेकींना धरून पायऱ्या चढत होत्या. काटोलच्या सख्ख्या बहिणी, नवऱ्यांना घरी ठेवून फिरायला निघालेल्या. त्यांना बेटावर उतरायचंच नव्हतं, नुसती पाण्यातून चक्कर मारायची होती. वाऱ्यानं नाव काठाकडे जाऊच दिली नाही, म्हणून श्रावणनं ती इकडे वळवली. थोरली बहीण वर आल्याबरोबर कमरेवर हात ठेवून चारी बाजूंचं पाणी बघत म्हणाली, "पोरगा म्हणे, चाल आई, तुले अंदमान दाखवतो. मी म्हटलं, थांब रे बाप्पा, आधी घरचं पाहू दे."

मी यावरून काही सिद्ध करायला बसलेली नाही. काटोलच्या कोणत्याही बाईनं असं म्हणावं, त्यात नवल काही नाही. पण ते शब्द मी कितीतरी रविवारी ऐकले होते, आणि त्या दिवशी त्या जागी पुन्हा ऐकले, इतकंच मी सांगते.

त्या तिघी बसल्या, श्रावण बसला. मी वाढलं. भुकेली माणसं, वरून वाऱ्यानं गारठलेली. रोडगे फोडून तुपात कुस्करून खाऊ लागली. धाकटी म्हणाली, भाजी लय झणझणीत झाली, आणि आणखी मागून घेतली. चार तोंडं झाली. पाचव्या पत्रावळीवरचा दगड तसाच होता आणि पाण्यावर दुसरी नाव नव्हती.

थोरलीनं पत्रावळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू काहून नाही जेवून राहिली वं?"

तिच्यापासून लपवावं असं मला वाटलं नाही. नवस, ह्यांचं जाणं, माझी शपथ, सगळं सांगितलं. बाकीच्या दोघींनी हात आवरले. थोरली मात्र खातच होती. घास गिळून तिनं विचारलं, "म्हणजे भांडण हाय देवाशी?"

"हो," मी म्हटलं.

"मंग भांड ना, माय. तुले कोण नाही म्हणते? पण उपाशी कितीक दिवस भांडशील? त्याच्यासंग भांडायले ताकद लागते." असं म्हणून तिनं दगड उचलला, पत्रावळीवर रोडगा ठेवला, माझ्याच डब्यातलं तूप त्यावर ओतलं आणि जरा सरकून आपल्या शेजारी जागा केली.

हे गेल्यापासून मी जेवत होते ते मुलगा समोर बसतो म्हणून. चव कशाची लागत नव्हती. त्या दुपारी पहिले दोन घास तसेच गेले, आणि तिसऱ्याला भाजीत मीठ कमी पडल्याचं माझ्या लक्षात आलं. मी पोटभर जेवले. वर त्यांच्या पिशवीतली संत्रीही खाल्ली. पाच तोंडं झाली, तुकडा उरला नाही, नवस फिटला. पाचवं तोंड माझंच असावं असं त्याच्या मनात होतं की वाऱ्याच्या, ते मला ठाऊक नाही आणि मी विचारलंही नाही.

शरण जाणं म्हणजे मान खाली घालणं असं मला आयुष्यभर वाटत आलं, आणि ते मला कधी जमलं नाही, आजही जमत नाही. पण शेजारी कोणी जागा करून दिली तर तिथं बसावं, एवढं जमलं. निघताना गाभाऱ्यात गेले. माझा माणूस तू नेलास हे मी माफ केलेलं नाही, असं त्याला स्पष्ट सांगितलं. मग त्या तिघींना आणि श्रावणला पाठवल्याबद्दल हात जोडले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून दोन्ही सांगितल्या.

वारा पडल्यावर आम्ही सगळे एकाच नावेतून परतलो. थोरलीनं माझ्या जाकिटाचा पट्टा ओढून घट्ट केला आणि विचारलं, "मिटलं का भांडण?"

"नाही."

"मंग पुढच्या साली सांगजो. आमी येतो."

पुढच्या माघात पुन्हा जाणार आहे. आता नवस नाही, देणंघेणं नाही, तरी रोडगे करणार आहे. पत्रावळी मांडल्या की तोंडं मोजायला सुरुवात माझ्यापासून करीन, आणि मग त्याच्याशी भांडेन.