हिरव्या ठिपक्यातला परका आवाज

आमच्या शेजारच्या श्यामलाताई चौबळ कामाची पेटी घेऊन ट्रेनमध्ये कधी बसत नसत. आमच्या मिल्टन कीन्स गावाहून लंडनला जायचं असलं तरी स्वतःची गाडी काढायच्या. २००५च्या जुलैत लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले, सावळ्या चेहऱ्यांकडे संशयाने बघितलं जाऊ लागलं. त्यानंतर महिन्याभरात एका स्टेशनवर पोलिसांनी त्यांना भिंतीशी उभं करून ती पेटी उघडायला लावली होती. आत वायरी, बॅटऱ्या, अँटेना. वीस मिनिटांत सोडलं, सॉरीही म्हणाले. पण समोरच्या पोलिसाचं बोट बंदुकीवर कुठे होतं, ते त्यांना पुढे कितीतरी दिवस दिसत राहिलं.

त्या रेडिओ इंजिनिअर होत्या. मोठ्या कार्यक्रमात शेकडो वायरलेस उपकरणं एकमेकांच्या आड येऊ नयेत, हे बघायचं त्यांचं काम. २००८च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना होता. त्यात त्यांच्या वाट्याला खेळाडूंची हेल्मेटं आली.

"आत छोटा स्पीकर असतो," त्यांनी मला समजावलं होतं. "मैदानाच्या कडेवरून कोच पुढची चाल सांगतो, ती प्रत्येक टीमच्या एकाच खेळाडूला ऐकू येते. त्याच्या हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका. रेफरीला लगेच कळतं, रेडिओ कोणाच्या डोक्यावर आहे. चाल सुरू करायला पंधरा सेकंद उरले की आवाज आपोआप बंद."

सामन्याला पन्नास मिनिटं होती. एका टीमच्या माणसाने ठिपक्याचं हेल्मेट कानाला लावलं आणि तोंड वाकडं केलं. श्यामलाताईंनी घेऊन ऐकलं. खरखरीतून कोणीतरी बाई म्हणत होती, "वन, टू... वन, टू..."

परका माईक. स्टेडियममध्ये कुठेही असू शकत होता. शोधायचा एकच मार्ग होता: माशाच्या काट्यासारखा दिसणारा अँटेना हातात धरून, कमरेच्या रेडिओत आवाज कुठे वाढतो ते हेडफोनवर ऐकत हिंडायचं. गर्दीतून.

"यतीन, तू जातोस?" त्यांनी बरोबरच्या पोराला विचारलं.

"ताई, मी गेलो तर इथले चॅनल कोण बघणार? मला अजून सगळं जमत नाही."

ते खरंच होतं. त्या निघाल्या. घाईत कोट खुर्चीवरच राहिला आणि कोटाला लावलेलं ओळखपत्रही.

स्टँडमध्ये लोक वळून बघायला लागले. एका बाईने मुलाला जवळ ओढलं. पण आवाज वाढत होता, म्हणून श्यामलाताई चालत राहिल्या. पायऱ्यांपाशी मागून ओरडणं आलं.

"ते खाली ठेव! हात दिसू देत!"

दोन सिक्युरिटीवाले. एकाने वॉकीटॉकीवर काहीतरी सांगायला सुरुवात केली होती. त्यांनी अँटेना सावकाश पायरीवर ठेवला, हात वर केले. ओळखपत्र दाखवायला छातीशी हात नेणार, तेवढ्यात लक्षात आलं, तिथे काहीच नाही. आणि हात हलवला तर? हात तसेच वर ठेवले.

"मी इथलीच इंजिनिअर आहे," त्या म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना अनोळखी वाटला. "माझ्या कमरेच्या रेडिओतून हेडफोन काढा. तुम्हीच ऐका. मी हलत नाही."

वयस्कर होता त्याने बिचकत वायर ओढली. "वन, टू" मोठ्याने घुमलं, पाठोपाठ गाण्याची ओळ. त्याने मान वर केली. तीच ओळ, खेळाडू मैदानात येतात त्या खालच्या बोगद्याकडून येत होती.

"सामन्याआधी गाणाऱ्या गायिकेचा माईक," तो म्हणाला. "चला, मी येतो बरोबर."

बोगद्यात एका साउंडवाल्याने परवानगी न घेता जादा माईक लावला होता. तो बंद झाला तेव्हा अकरा मिनिटं उरली होती. सिक्युरिटीवाला सॉरी म्हणाला. श्यामलाताईंनी बाथरूममध्ये जाऊन दार लावलं आणि नळ सोडून तोंडावर पाणी मारलं. मग मैदानाच्या कडेला परत येऊन पूर्ण सामना उभ्याने काढला. एकही परका शब्द आला नाही. कोण जिंकलं, ते मात्र त्यांना यतीनला विचारावं लागलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी कंपनीला लिहून दिलं: सिक्युरिटीचा माणूस बरोबर असल्याशिवाय अँटेना घेऊन गर्दीत कोणीही जाणार नाही. ते मान्य झालं. वर्षाने पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा हो म्हणायला त्यांनी चार दिवस घेतले.

"भीती वाटत नाही?" मी विचारलं.

"वाटते ना," त्या म्हणाल्या. "रात्री झोप लागत नाही. पण नाही म्हटलं, तर पुढच्या वेळी यतीनला पाठवतील. तोही आपल्यासारखाच दिसतो."