खाडीकाठच्या घराला बारा दिवस

मी ठाण्यात म्युनिसिपालिटीचा कारकून असताना खाडीकडच्या वस्तीतले एक घर राहण्यास योग्य आहे की नाही, हे पाहण्याचे काम माझ्याकडे आले. घरात एक सुईण भाड्याने राहत होती.

बांधकाम पाहणारा ओव्हरसियर आणि मी पाहणीला गेलो. मागची मातीची भिंत ओलीने फुगून गल्लीकडे कलली होती. खोलीला खिडकी नव्हती आणि सांडपाणी दाराशीच तुंबले होते. ओव्हरसियरने भिंतीत काठी खुपसली, ती वीतभर आत गेली. मालकाने दुरुस्ती करावी, नाहीतर आठ दिवसांत घर रिकामे करून पाडावे, अशी नोटीस निघाली. मालकाला पाडणेच सोयीचे होते.

मुदत संपली त्या सकाळी मी शिपायाला घेऊन गेलो. सुईण दारात उभी राहिली. खडवलीहून बाळंतपणाला आलेली तिची भाची आत कळा देत होती.

"आज नाय हलवता येत तिला," ती म्हणाली. "पोर झालं की बारा दिस द्या. मंग मी आपण होऊन जाईन."

मुदत वाढवण्याचा अधिकार मला नव्हता. तरी शिपायाला परत पाठवून मी कचेरीत गेलो आणि पाहिले ते लिहून साहेबांपुढे ठेवले. भिंत पडली तर जबाब तुम्ही द्यायचा, असे सांगून त्यांनी मुदतवाढीवर सही केली. संध्याकाळपर्यंत ओव्हरसियरने भिंतीला बाहेरून तीन वाशांचे टेकू दिले. तोवर मुलगा झाला होता. बाळंतिणीची बाज मी पुढच्या दाराकडे सरकवायला लावली.

त्या दिवसांत मी रोज वाट वाकडी करून टेकू पाहून येत असे. रात्री झोप नीट लागत नसे.

तेराव्या दिवशी सुईण भाचीला, बाळाला आणि भांड्यांना होडीत घालून कळव्याला भावाकडे गेली. दुपारी मजुरांनी टेकू काढले. कोणी हात लावण्याआधीच भिंत खाली बसली आणि मागचे छप्पर बारा दिवस बाज होती तिथपर्यंत आले. कागदावर मात्र 'घर पाडले' एवढेच लिहिले.

दोन वर्षांनी माझ्या पत्नीचे दिवस भरले, तेव्हा सुईणीला आणायला मी कळव्याला गेलो. टेकू काढताच ती भिंत कशी बसली, ते मी तिला होडीत सांगितले.

"तवाच ठावं होतं मला," ती म्हणाली, आणि कळा कधीपासून येतायत ते विचारले.